कंठ न फुटलेला लव्हबर्ड

मिठबावात आमच्या वाडीतला पहिला बी.ए. मी. मुंबईत सकाळी कॉलेज आणि दिवसभर नोकरी करून झालो, म्हणून आजही हे मान वर करूनच सांगतो. कुणाचं सरकारी पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, मी गावी आलो की वाडी माझ्याकडे येई. मी सांगेन ते खरं.

म्हणूनच धाकट्या बहिणीला मुंबईला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर बाबांशी नाही, माझ्याशी बोलले. तेही इंग्रजीत. सांधेतापाने तिच्या हृदयाची झडप गेली होती. सतरा वर्षांची पोर. थंडी काढली तर नशीब, असं ते म्हणाले. बाहेर बाकावर बाबा टोपी हातात घेऊन बसले होते.

"काय म्हणतत डॉक्टर?"

"आराम घेतला की बरी होईल," मी म्हटलं.

त्याच मुक्कामात आमच्या बिऱ्हाडासमोरच्या गॅलरीत तिने एका मुलीच्या बोटावर बसलेला लव्हबर्ड पाहिला. चिमणीएवढा हिरवा पोपट. गावी परतताना बोटीवर तिने एवढंच मागितलं, "दादा, माका असो एक आण. बोटार बसणारो."

पावसानंतर बोटी सुरू झाल्या, तसा मी गावी जायला रजा काढली आणि मुंबईच्या पक्षीबाजारात गेलो. त्याआधी चार जाणत्यांना विचारून ठेवलं होतं. या पक्ष्याच्या पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा सगळा काळा असतो. मोठा झाला की कपाळ स्वच्छ पिवळं होतं, डोळ्यात पांढरं कडं येतं. पिल्लू तीन आठवड्यांत हातावर येतं, म्हातारा जन्मात येत नाही. हे सगळं मी विकणाऱ्यालाच ऐकवलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्हाला मी काय शिकवणार!" छपराखालच्या अंधारात त्याने काढून दिलेला पक्षी मी ऐटीत घेतला.

रत्नागिरी सोडल्यावर डेकवर ऊन आलं आणि मी पिंजऱ्यावरचा टॉवेल बाजूला केला. कपाळ पिवळंधमक. डोळ्यात पांढरं कडं. मी टॉवेल परत ओढला.

घरी आईने पाहिलं आणि हसत सुटली. "मुंबयत बी.ए. झालंस, नि चिमणेक हिरवो रंग लावन घेवन इलंस?"

बाबा मात्र पिंजऱ्याशी वाकले. आमच्याकडे माडाच्या ढोलीतला पोपट आणला की त्याचा गळा बघतात. गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ नसला तर पोपट कोवळा. बाबांनी तोच नियम लावला.

"ह्याका कंठ खंय आसा? कंठ फुटूक नाय म्हणजे पिल्लूच ता." मग माझ्याकडे बघून, "काय रे?"

या जातीला कंठ कधीच फुटत नाही, हे मला माहीत होतं. बहीण उशीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"होय," मी म्हटलं. "पिल्लूच."

"बगलंस? बी.ए. झालेलो सांगता," बाबा आईला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी तळहातावर कांगाचे, म्हणजे राळ्याचे, दाणे घेऊन हात पिंजऱ्यात ठेवी. हलायचं नाही, बोलायचं नाही, असं मीच शिकवलं होतं. पक्षी लांबच्या कोपऱ्यात तारांना धरून धापा टाकी, आणि इकडे तीही. हात जड झाला की कोपराखाली मी उशी सरकवायचो. दोनदा तो चावला. रक्त आलं ते तिने चोखून टाकलं आणि हात तिथेच ठेवला.

"आणि थोडे दिवस," मी म्हणायचो.

तीन आठवडे झाले, पाच झाले. तिचे पाय सुजले. आडवं झालं की श्वास लागे, म्हणून ती बसूनच झोपायची. मी रजा वाढवली. एका सकाळी तिने हात आत घातलाच नाही.

"दादा, ह्यो म्हातारो आसा. माका पयल्याच आठवड्यात कळला."

"कसा?"

"पिल्लू असता तर माझो हात बघून आ केला असता. सगळी पिल्ला करतत. ह्येका माणसाचो भरपूर अनुभव आसा."

तिच्या त्या बोलण्याला मी हसायला हवं होतं.

"मगे इतके दिवस हात कित्याक घालीत होतंस?"

"तू रजा काढून इल्लंस. तुका वायट वाटला असता."

मी कबूल केलं. बोटीवरच कळलं होतं, तरी बाबांसमोर होय म्हटलं. बी.ए. झालेला माणूस फसला, हे वाडीत कळायला नको होतं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग सरळ विचारलं, "आनी काय लपवलंस?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. इंग्रजीत ऐकलेली ती दोन वाक्यं मालवणीत कशी सांगायची, एवढंच जुळवत होतो. ती वाट बघत होती. घाई करत नव्हती.

"काय नाय गो," मी म्हटलं, आणि पिंजऱ्यातलं पाणी बदलायला उठलो.

पौषात ती गेली. तो पक्षी पुढे दोन वर्षं जगला. आई त्याला दाणे घालायची. बाबा वाडीत सांगत राहिले, पिल्लू होता, पोरगी नाय रवली, नायतर बोटार बसलो असतो. मी त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही.