ग्राफिक्स कार्ड सुखरूप पोचवताना

उल्हासनगरच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात धूळ रोज पुसतात, म्हणून ती साठत नाही. किस्से कोणी पुसत नाही. मी तिथे मशीन जोडतो आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला एकच मंत्र देतो. मोठं ग्राफिक्स कार्ड विटेसारखं जड असतं आणि कॅबिनेटच्या आत एका बाजूने लटकत असतं. नेताना ते काढा, डब्यात घाला आणि कॅबिनेट आडवं झोपवा. सगळे मान डोलवतात आणि आपल्या मनाचं करतात.

*

आनंदनगरच्या एका फॅक्टरीतले सुपरवायझर. कामावर दिवसभर दुसऱ्यांचं पॅकिंग तपासतात. घरचं कॅबिनेट मात्र स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये उभं करून नेलं. दुसऱ्या दिवशी परत हजर. उघडलं तर कार्ड स्लॉट तोडून खाली पडलेलं.

"पीस खराब दिला तुम्ही. मी गाडी एकदम हळू नेली."

"किती हळू?"

"साठच्या वर नाय गेलो."

*

अंबरनाथच्या एका मास्तरांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, की कॅबिनेटमध्ये मऊ काहीतरी भरलं की कार्ड हलत नाही. खरंच हललं नाही. पण आठवड्याने फोन आला, "मशीन पाच मिनिटांत बंद पडतंय, शिवाय वास येतोय." मी घरी जाऊन कॅबिनेट उघडलं. मास्तर काही बोलायच्या आत त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, ही माझी शाल. आठवडाभर शोधतेय मी."

*

बदलापूरचे एक काका मात्र गुणी निघाले. कार्ड वेगळं, कॅबिनेट रिक्षात मांडीवर आडवं, खड्डा आला की अलगद वर उचलायचे. मी घरी जाऊन कार्ड बसवलं, मशीन सुरू झालं. मग काकूंनी पूजा केली आणि काकांनी नारळ कॅबिनेटच्या शेजारीच फोडला. पाणी थेट जाळीतून आत.

काका शांतपणे म्हणाले, "वॉरंटीत बसेल ना?"

*

सगळ्यात सुखरूप मशीन एका आगरी आजींनी नेलं. अंबरनाथजवळच्या गावात त्यांच्या गल्लीत रिक्षा जाईना. नातू आणि मी उचलायचं कसं यावर चर्चा करत होतो. आजींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, कार्ड आतच असलेलं कॅबिनेट उभंच चढवलं आणि चालू पडल्या. "मिठाच्या पाट्या वाहिल्या या डोक्यानं. ह्यो डबा काय मोठा?" घरी उघडून पाहिलं, एक स्क्रू हलला नव्हता. माझ्या मंत्राची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

*

सुप्रिया नावाच्या एका गिऱ्हाईकाचा किस्सा मी सहसा सांगत नाही. बदलापूरला मांजर्लीत तिच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरायचं म्हणून ती खरवईला राहायला गेली. शिफ्टिंगच्या आधी मशीन आमच्याकडे सर्व्हिसिंगला ठेवलं होतं. ती घरून थ्रीडी डिझाइनचं काम करते. नोकरी पक्की व्हायची होती आणि त्यासाठीचं शेवटचं काम मी मशीन पोचवणार त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं होतं.

पोरगी फार शिस्तीची. तीन वर्षांपूर्वीच्या कार्डाचा डबा, थर्माकोल, पिशवी, सगळं जपलेलं. मला भरून आलं. कार्ड काढलं, पुसून चकचकीत केलं, त्याच डब्यात घातलं, नवी टेप मारली. कॅबिनेट रिक्षाच्या सीटवर गादी टाकून झोपवलं, शेजारी मी हात ठेवून बसलो. खरवईला तीन मजले स्वतः उचलून नेलं.

साडेचार वाजले होते. सुप्रियाने झाकण उघडून आत पाहिलं.

"दादा, कार्ड?"

डबा दुकानात काउंटरवर राहिला होता. मी दुकानाच्या सिंधी मालकांना, सेठना, फोन लावला आणि तिला धीर यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"सेठ, काउंटरवर एक डबा राहिलाय. रिक्षाने लगेच पाठवा."

"वो ग्राफिक्स कार्डवाला? वो तो बिक गया, साईं."

सुप्रिया खुर्चीत बसली.

"विकलं? सेठ, ते जुनं होतं. गिऱ्हाईकाचं होतं."

"जुनं? अरे, तो कस्टमर बोलला, इतका फ्रेश माल उल्हासनगरमध्ये पहिल्यांदा बघितला."