दोस्ताच्या हातचा व्हॉल्व्ह

मी सातवी नापास. रेडिओचं काम बघून बघून शिकलो. करोल बागेत जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह विकणारा माझा तीस वर्षांचा दोस्त. दिल्लीत नवा होतो तेव्हा त्यानंच दुकानात बसायला जागा दिली.

मयूर विहारचा फ्लॅट झाला आणि बायकोनं अंथरूण धरलं. तिचा धाकटा भाऊ नागपूरला, घरच्या सेटवरून बोलणारा हौशी रेडिओवाला. रविवारी सकाळी तो मित्रांशी हवेवर गप्पा मारायचा, ही माझ्या जुन्या रिसीव्हरवर ऐकायची. फोन होता घरात. पण फोनवर तो नुसती तब्येत विचारायचा, रडवेला. रेडिओवर हसायचा. तिला ते पाहिजे होतं.

सेट बंद पडला. स्टेशन पकडणारा व्हॉल्व्ह गेला होता. दोस्तानं कोरा डबा दिला, टेस्टरकडे बोट केलं, "लगा के दिखाऊँ?" मी म्हटलं, तुझ्या हातचा माल तपासू का आता?

बसवला. आतली तार लाल झाली, पण स्टेशन एक नाही. चार रविवार मी कॉइल बघितल्या, कंडेन्सर बदलले, स्वतःचेच सोल्डरचे टाके उकलले. व्हॉल्व्हवर शंका घेतली नाही. ती पडल्या पडल्या म्हणायची, "अहो, तुमचीच वायर सैल झाली वाटतं." सेट बंद आहे हे भावाला सांगू नका, म्हणाली. पाचवा रविवार तिनं बघितला नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह काढून बघितला. नव्या छापाखाली जुना नंबर खरवडलेला. दुसऱ्या दुकानात तपासला, मेलेला निघाला. तसाच दोस्ताकडे गेलो. तो नाही म्हणाला नाही. गुडगावच्या नव्या बंगल्यांतले शौकीन गाण्याच्या अॅम्प्लिफायरसाठी चांगला माल उचलतात, म्हणाला. जुन्यावर नवा छाप मारून त्यानं मला दिला होता. वर म्हणतो, "तेरे हाथ में तो मुर्दा भी चल पड़ता है यार. सोचा, चला लेगा."

माझ्या घरी काय झालं ते त्याला ठाऊक होतं. तरी हाच शब्द तोंडात आला. मी उठून आलो.

तेराव्याला मेव्हणा जवळ बसला. "भाऊजी, शेवटचे चार रविवार मी ताईसाठीच जोक सांगत होतो. ऐकले ना तिनं?"

हो म्हणालो. कुठल्या जोकला हसली, तेही विचारलं त्यानं. मला एक बनवून सांगावा लागला.