हेडफोनची पिन

बाईसाहेबांनी हेडफोनची पिन उपटली, आन् कॉम्प्युटरमधल्या ताईंचा आवाज हॉलभर झाला. "अजून आवाज ऐकू येतायत का? काय म्हणतात ते?" सोफ्यावर शनिवारचे पाहुणे. हातात कांदाभजी. एकजण फसकन हसला. माझ्या कानावर मुका हेडफोन तसाच.

कासार आंबोलीतला हा बंगला मी झाडायची, पुसायची. मला स्किझोफ्रेनिया हाय. शेजारी कुणी नसतंय, तरी कानात शिव्या येतात. पुण्याच्या दवाखान्यातनं घरी आल्यावर सारखं तिकडं जाणं झेपंना. मग तिथल्या समुपदेशक ताई महिन्यातनं एकदा कॅमेऱ्यावर बोलायच्या. कॉम्प्युटर बाईसाहेबांचा. लई उपकार, असं गाव म्हणायचं.

गाव माझ्याशी बोलायचं न्हाई ते न्हाईच. भावजय ताट उंबऱ्याशी सरकवायची. भात लावताना माझ्या शेजारी कुणी उभं राहायचं न्हाई. ताईंशी बोलायचं तेवढीच घटका मी माणसात असायची. त्या घटकेवर महिना काढायची.

"ही काय सांगणार? मी सांगते." बाईसाहेब कॅमेऱ्यापुढं वाकल्या. "परवा कपडे वाळत घालताना एकटीच बडबडत होती. डॉक्टरांना सांगून गोळी वाढवा तिची."

अगं बाई! ते तर ताईंनीच शिकवलेलं. आवाज आला की घाबरायचं न्हाई, त्याला मोठ्यानं सांगायचं, आत्ता कामात हाय, संध्याकाळी ये. बरी व्हायला बोलत व्हते मी. आन् गोळी वाढली की काय होतं ते मला म्हाईत. तोंडातनं लाळ, दिसभर गुंगी, हात लटलटा कापतात.

अंगाचा तिळपापड झाला. म्हणलं, "ताई, माझ्या दुखण्याचं मी बोलंन. आदी ही माणसं बाहेर जाऊंद्यात."

"घर माझं, कॉम्प्युटर माझा," बाईसाहेब म्हणाल्या.

"व्हय. पर डोकं माझं हाय."

"तेच तर बिघडलंय ना!" मघाशी हसलेला पाहुणा म्हणला. सगळे हसले. ताई कायतरी बोलाया लागल्या, तर बाईसाहेबांनी कॉम्प्युटरच बंद केला.

मी हेडफोन टेबलावर ठेवला आन् चालती झाले. काम गेलं. भाऊ म्हणला, "जा, पाया पड त्यांच्या." न्हाई पडले. दोन महिने ताईंचं तोंड दिसलं न्हाई. आवाजांनी जीव खाल्ला. तरी न्हाई गेले.

आता एसटीनं पौडला जाते, इंटरनेटच्या दुकानात, तिथनं ताईंशी बोलते. शेजारच्या फळीआड पोरं बसलेली असतात, त्यांना समदं ऐकू जातं. परतताना एसटीत माझ्या बाजूला कुणी बसत न्हाई. नका बसू. माझ्या कानातल्या शिव्या, माझी भीती, माझ्या गोळ्या, मी माझ्या तोंडानं सांगते. ऐकायचं त्यानं ऐकावं. पर माझ्या वतीनं कुणी तोंड उघडलं, तर त्याला उठवून बाहेर काढंन. दुकान त्याच्या बापाचं असलं तरी.