उद्याची मूठ

“खाडा पडता कामा नये गो,” असं म्हणतच मावशी माझ्या दुकानाची पायरी चढायची. खाडा पडायला ती काही माझ्याकडे मजुरीला नव्हती. शहापूरला एसटी स्टँडसमोर माझं टायपिंगचं दुकान. मावशी डोळखांबकडची, आश्रमशाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली. तिचा हात थरथरायचा, म्हणून ती सांगायची आणि मी टाइप करायचे. काय, तर कादंबरी!

दुकानात कसली कसली गिऱ्हाइकं येतात हे तुम्हीही बघितलं असेल. पण कादंबरीवालं माझं हे पहिलंच. “आवणीच्या आत संपवायची,” तिनं सुरुवातीलाच बजावलं. “भात लावायला लागलो का मला कोण सोडतंय?”

गोष्ट साधी होती. एक माणूस कामासाठी गाव सोडतो आणि परत यायला निघतो. “मी हाय तवर त्याला घरी आणायचा, बस,” ती म्हणायची. पण हा गडी घाट उतरून टोकावड्याला आला की ढाब्यावर चहाला बसायचा आणि उठून भलत्याच एसटीत चढायचा. मी वैतागायचे. त्यात त्याचं नावही बदलायचं.

“मावशी, कालपर्यंत हा धर्मा होता. आज महादू कसा झाला?”

“आसू दे. दोघांना बी घरीच जायचंय. तू लिही.”

“मागचं वाचून दाखवू का?”

“नाय. आवणी करताना रोप उपटून बघतं का कोण, मूळ धरलं का नाय ते?”

मी पुढचं टाइप करायला लागले.

एके दिवशी तिला काहीच सुचेना. मला वाटलं, चला, आज सुट्टी. तर म्हणते, “तो काय जेवला ते लिही. हात थांबला नाय पायजे.” मग पानभर नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. खरं सांगते, अख्ख्या कादंबरीत मला तेवढंच पान नीट कळलं.

रोज उठताना ती वाक्य मध्येच तोडायची. मी पूर्ण करायला गेले की माझा हात धरायची. “उद्याला एक मूठ ठेव.” लावणी करणारी बाई संध्याकाळी रोपांची एक मूठ पुढच्या खाचरात टाकून येते. सकाळी शोधाशोध नको, आल्या आल्या हात चालू. तशीच ही तिची मूठ.

“मावशी, हा तुमच्या घरातला कोण?” मी एकदा विचारलंच. तिनं माझ्याकडे बघितलं. ती चिडली होती, हसत होती की आणखी काही, ते मला आजही सांगता येत नाही.

“लिही गो. टाइम जातो.”

शेवटी एकदाचा तो गावात आला. ओढा ओलांडला, अंगणात आला. मी भराभर टाइप करत होते. “उंबऱ्यावर पाय ठेवून तो म्हणाला,” एवढं सांगून मावशी उठली.

“अहो, काय म्हणाला?”

“उद्या,” म्हणाली आणि बस पकडायला गेली.

त्यानंतर खाडा पडला. मी रोज स्टँडकडे बघायचे. एके दुपारी तिची नणंद आली. मावशी चहा पिता पिता गेली, असं तिनं सांगितलं. मला रडू आवरेना. नणंदेनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, “तो पोचला का गो घरी? वहिनी रोज आमाला सांगायची, आज कुठवर आला ते.”

“तो कोण होता?” मी विचारलं.

“मला काय ठाव? मला वाटलं तुला सांगितलं आसंल.”

मी डोळे पुसले. मग मी फाइल उघडली. “उंबऱ्यापर्यंत आलाय,” मी म्हटलं.

ती स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली. “मंग त्याला आत घे की.”

मी कीबोर्डवर हात ठेवले. मूठ समोर होती, आणि तो काय म्हणाला ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.