मावशींची पानथरी

जाफराबादकडच्या एका आरोग्य केंद्रात मी दोन वर्षं डॉक्टर होते. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात एक मावशी आल्या. वय पन्नाशीचं, शरीर काटक. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं. आता मेंढरं राहिली नव्हती, अकरा शेळ्या होत्या आणि थोडं कोरडवाहू रान.

तीन महिने त्यांना ताप येत होता. आठवडाभर यायचा, चार दिवस जायचा, पुन्हा यायचा. घामानं लुगडं भिजायचं, कंबर धरायची. पोट तपासलं तर डाव्या बरगडीखाली प्लीहा चांगली तीन बोटं हाताला लागली. आणि तिथंच कातडीवर पाच गोल चटके, अजून ओले.

"हे काय, मावशी?"

"पानथरी वाढली म्हनून डागून घेतलं."

मी चिडले. अंगाला चटके देऊन कुठं आजार जातो का, असं बरंच बोलले. त्यांनी पदर ओढून पोट झाकलं.

"तीन दवाखाने केले म्याडम. समद्यांनी गोळ्या देल्या. पोटाला हात कोनीच लावला न्हाई. डागणाऱ्यानं लावला."

मी चटक्यांवर मलम लावलं.

कॉलेजात असताना, उष्ण प्रदेशात प्लीहा कशाकशानं वाढते याची लांबलचक यादी मी तोंडी परीक्षेत धडाधड म्हणून दाखवली होती. त्याच यादीतलं एकेक नाव आता मी खोडत गेले. ताप चढलेला असताना तीनदा रक्त तपासलं, मलेरिया नव्हता. टायफॉइड नव्हता, छातीचा फोटो स्वच्छ होता. जालन्याला सोनोग्राफी झाली, यकृत ठीक होतं. दर खेपेला मावशी दाटीवाटीच्या जीपमधून यायच्या आणि मी म्हणायचे, अजून कळलं नाही. त्या म्हणायच्या, "बरं, मंग पुन्हा येते."

एकदा लसीकरणासाठी मी त्यांच्या वस्तीवर गेले. मावशी गोठ्यात बसल्या होत्या. शेळी वीत होती, करडू अडलं होतं. कोपरापर्यंत हात भरलेला, बोटांना भेगा. करडू बाहेर आलं तसं त्यांनी त्याचं नाक पदरानं पुसलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. करडू शिंकलं.

"यंदा चार गाभडल्या," त्या म्हणाल्या. "ही तेवढी वाचली बघा."

मी दारातच थबकले. "मावशी, दूध कच्चंच पिता का?"

"व्हय. धारेखालचंच."

दुसऱ्या दिवशी त्यांचं रक्त वेगळ्या तपासणीसाठी संभाजीनगरला पाठवलं. ब्रुसेलोसिस निघाला. जनावरं गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भ अवेळी पडतो, तो हाच आजार. विताना हात लागून, कच्च्या दुधातून तो माणसात येतो.

मला शोध लागल्याचा आनंद झाला होता. तो त्यांच्यासमोर लपला नसावा. मावशी मात्र खाली बघत राहिल्या.

"माझ्या शेळ्यांनीच मला दुखणं देलं म्हणता?"

"त्यांनाही कुणाकडून तरी लागलंच ना, मावशी."

सहा आठवड्यांचं औषध होतं, सुरुवातीला रोज इंजेक्शन. मावशींचं एकही चुकलं नाही. तोवर गुरांच्या डॉक्टरांनी शेळ्या तपासल्या. तिघींना आजार होता, आणि त्यावर इलाज नव्हता. त्या विकत घ्यायला व्यापारी दारात येऊन गेला. मावशींनी त्याला परत पाठवलं.

"दुसऱ्याच्या घरी हाच ताप धाडू का?" त्या मला म्हणाल्या.

गुरांच्या डॉक्टरांच्या देखरेखीत तिन्ही शेळ्या मारून रानाच्या कडेला पुरल्या. त्या दिवशी मावशी इंजेक्शनला आल्या नाहीत, म्हणून मीच वस्तीवर गेले. त्यांनी दंड पुढं केला. इंजेक्शन देऊन झाल्यावरही मी बराच वेळ त्यांच्याजवळ ओट्यावर बसून राहिले.

दोन महिन्यांत ताप गेला. प्लीहा हळूहळू वर सरकली आणि एके दिवशी हाताला लागलीच नाही. मी दिलेले हातमोजे मावशी घालत, पण कुरकुर करत. "ह्यात करडाचे पाय सापडून न्हाई राह्यले म्याडम." दूध मात्र उकळूनच पीत.

पुढच्या हिवाळ्यात त्या पुन्हा केंद्रात आल्या. मी घाबरून विचारलं, "ताप आला का?"

"मला न्हाई." त्यांनी मागं उभ्या असलेल्या दोन बायांना पुढं ढकललं. "ह्या दोघी मायना झाला फणफणून राह्यल्या. आन् दोघींच्याबी शेळ्या गाभडल्यात. म्या इचारून घेतलं."

त्यातल्या एकीला ब्रुसेलोसिस निघाला.