पेन्सिलीतली नोंद

"खोडा."

सरांनी रबर माझ्यापुढं धरला. कोपरे झिजलेला पांढरा रबर, राउंडच्या ट्रॉलीत कायम असायचा. कॉटवर कुसुमबाई बसलेली. पायथ्याशी दोन शिकाऊ डॉक्टर. दारात पोछा धरून रझिया आपा, आमच्या वॉर्डातली आया.

मी लिहिलं होतं : 'दोन्ही हातांना जाड थरथर. चालताना तोल जातो. सकाळपासून तीन जुलाब, एक उलटी. बोलणं जड. लिथियमची रक्तातली पातळी तातडीनं तपासावी.'

सरांनी शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि शिकाऊ डॉक्टरांकडं बघितलं. "तपासावी! आपल्याला ऑर्डर आलीय."

दोघं हसले. सरांच्या विनोदावर हसणं बहुधा अभ्यासक्रमातच असावं.

"सिस्टर, शिक्षण काय तुमचं?"

चार वर्षं मी त्यांच्या दवाखान्यात होते. माझ्या प्रमाणपत्राची प्रत त्यांच्याच केबिनमधल्या कपाटात होती. "मानसोपचार नर्सिंगमध्ये एम.एस्सी.," मी म्हणाले.

"आणि आडनाव काय म्हणालात?"

मी काही म्हणाले नव्हते. आता सांगितलं.

"अच्छा, अच्छा." मग शिकाऊ डॉक्टरांना, "हल्ली डिग्री सगळ्यांना मिळते. डोकं सोबत येतंच असं नाही." मग मला, "खोडा."

मी खोडलं. चारही ओळी. सरांनी वाकून पानावर फुंकर मारली. रबराचा चुरा माझ्या युनिफॉर्मवर आला, पोटापाशी. मी झटकला नाही. कुसुमबाई माझ्याकडं बघत होती. राउंड पुढच्या कॉटवर गेला.

'अच्छा' एकदा आला तर तो नुसता शब्द असतो. दोनदा आला की समजायचं, माणसाला तुमचं घर, गल्ली, आजोबा, सगळं कळलं.

पेन्सिलीचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं रीतच होती. नर्सनं नोंद पेन्सिलीनं करायची. राउंडला सर बघणार, पटलं तर म्हणणार "पक्कं करा," मग त्यावरून पेन फिरवायचा. नाही पटलं तर रबर. फाईल स्वच्छ राहते, असं कारण होतं. फाईल खरंच स्वच्छ राहायची. पेशंट चार चार दिवस ओरडलेला असायचा आणि फायलीत तो शांत झोपलेला असायचा.

हे चूक आहे हे मला माहीत होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात : नोंद शाईनं, नोंद वेळेवर, नोंद ज्यानं पाहिलं त्यानंच करायची. मी स्वतः मुलींना हे शिकवलेलं आहे. शिकवून, वॉर्डात येऊन, पेन्सिलीला टोक काढलेलं आहे.

माझ्या गावी, पिशोरच्या शाळेत फळा पुसायचं काम माझ्याकडं होतं. पहिलीपासून चौथीपर्यंत. मला वाटायचं हा मान आहे. गणित मला सगळ्यांच्या आधी सुटायचं, पण फळ्यावर सोडवायला पाटलाची पोरगी जायची. नंतर मी पुसायचे. खडूची पांढरी धूळ केसांत घेऊन घरी गेले की आई म्हणायची, "कुठून आलीस गं, गिरणीतून?" आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो. निळा कोट, खिशाला पेन. पेन्सिल लावलेला फोटो मी अजून कुठं बघितलेला नाही.

कुसुमबाई अजिंठ्याकडची. तिथं तिची पिठाची गिरणी होती. नवरा शेतात, गिरणी हिची. मनाचा आजार जुना. कधी सहा महिने चांगली, कधी आठवडाभर झोप नाही आणि गावभर फुकट दळण वाटून मोकळी. यावेळी तसंच झालं म्हणून नवरा घेऊन आला होता. लिथियम चालू केलं, दहा-बारा दिवसांत सावरली. वॉर्डातल्या बायकांना चपातीचं पीठ कसं हाताला लागलं पाहिजे ते सांगायला लागली. आपा तिला म्हणायची, "चक्कीवाली, घर जा अब, पब्लिक भूकी मर रही."

लिथियम मिठाच्या जातीचं औषध. मन सावरणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांच्यात अंतर थोडं. उन्हाळ्यात घाम गेला, जुलाब झाले, किंवा दुखण्याच्या काही गोळ्या सोबत चालू झाल्या, तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत. रक्तात साठत जातं. मे महिना होता. वॉर्डातला कूलर बंद होता. आणि गुडघे दुखतात म्हणून सरांनी राउंडला तोंडी एक गोळी सांगितली होती.

"सर, त्या लिथियमवर आहेत," मी हळूच म्हणाले होते.

"मला माहितीय कशावर आहेत. मीच दिलंय."

मी गोळी दिली. सहा दिवस दिली. हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात रबर एकटा नव्हता.

लिथियमवर हात थोडे थरथरतातच. त्याची थरथर बारीक असते. पाण्याचा पेला हातात दिला की पाण्याला शिरशिरी येते, बस. त्या सकाळी मी पेला दिला तर पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

"बाई, हात लई हालायलेत," ती म्हणाली. "चाळणी धरल्यावानी."

"मी लिहून ठेवते," मी म्हणाले. तिच्यासमोर उभं राहून लिहिलं. मग राउंड आला.

राउंडनंतर मी काय केलं? काही नाही. दुपारची औषधं दिली. लिथियमसुद्धा. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, मी घरी कपडे धुतले. तिसऱ्या दिवशी सकाळी आले तर कुसुमबाई कॉटवर नव्हती. पहाटे फिट आली, सरकारी दवाखान्यात हलवली, आपानं सांगितलं. तिथं डायलिसिस झालं. जगली. मी तिच्या कॉटची चादर बदलली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर गाल असतो तसं सगळं. आपला आहे हे माहीत असतं, तेवढंच.

त्याच आठवड्यात आमच्याकडं परिचारिका दिन साजरा झाला. तारखेला हॉल मिळाला नव्हता, म्हणून उशिरा. आम्हाला हातात मेणबत्त्या देऊन रांगेत उभं केलं. कूलरअभावी हॉलमध्ये पंखे पूर्ण वेगात, त्यामुळं मेणबत्त्या विझायच्या आणि आम्ही एकमेकींच्या पेटवून घ्यायचो. सर 'रुग्णांचे हक्क' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. नर्स म्हणजे ममतेची मूर्ती, म्हणाले. मूर्तीचा एक मोठा गुण त्यांनी सांगितला नाही. तो सगळ्यांना माहीत आहे. ती बोलत नाही.

हक्कांचा एक फलकही आहे आमच्या व्हरांड्यात. मोठा, रंगीत. चौथ्या हक्कापासून खाली पाण्याचं मशीन आडवं येतं.

महिन्याभरानं पत्र आलं. कुसुमबाईच्या नवऱ्यानं मानसिक आरोग्य मंडळाकडं तक्रार केली होती. मंडळाला मूळ फाईल पाहिजे होती आणि ड्यूटीवरच्या नर्सचं लेखी म्हणणं. सरांनी मला व्हरांड्यात गाठून फक्त एवढं सांगितलं, "घाबरू नका, मी बघतो." मी घाबरलेली नव्हते. घाबरायला जागं असावं लागतं.

रविवारी मी अजिंठ्याच्या बसमध्ये बसले. का गेले, सांगता येत नाही. गिरणी रस्त्यालाच होती. पट्ट्याचा आवाज लांबून आला. दळायला नवरा होता. मला बघून त्यानं गिरणी बंद केली, हात पुसले आणि एक रिकामं पोतं झटकून बसायला टाकलं.

कुसुमबाई भिंतीला टेकून बसली होती. उठायला गेली आणि बाजूला झुकली. नवऱ्यानं सवयीनं हात लावला.

"आता असंच राहनार म्हंत्यात," तो म्हणाला. "मेंदूचा तोल गेलाय. डाक्टर म्हनले, आदी आनायचं व्हतं."

"आनलंच व्हतं की," कुसुमबाई म्हणाली. जीभ जड. एकेक शब्द धान्य निवडल्यासारखा. मग माझ्याकडं वळली. "बाई, च्या घ्या."

चहा घेतला. तिनं कप घेतला नाही, बशीत वाकून प्यायली. मग म्हणाली, "एक इचारू?"

"विचारा."

"तुमी लिवलं व्हतं ना तवा? मी बघितलं व्हतं तुमाला लिवताना."

"हो."

"म्हून तर मी गप बसले. रातच्या बाईला बी काय बोलले नाय. म्हनलं, बाईनं लिवलंय. आता बघत्याल."

तिला वाटत होतं, त्या दिवशी राउंडला काहीतरी दुसरंच खोडलं गेलं. आमच्यातलं काही. तिचं दुखणं खोडता येतं हे तिच्या डोक्यात आलेलंच नव्हतं.

"मी ते खोडलं, कुसुमबाई," मी म्हणाले.

तिच्या नवऱ्यानं गिरणी चालू केली. त्या आवाजात बोलता येत नाही. त्यानं ती त्यासाठीच चालू केली असावी. मी उठले. युनिफॉर्म नव्हता, तरी निघताना पोटापाशी साडी झटकली.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चार वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला. समोर नर्सिंग नोंदींची कोरी पानं होती, वर तारखा अगोदरच घातलेल्या. बाजूला एका कागदावर टाईप केलेला मजकूर. मी फक्त उतरवून सही करायची होती.

'रुग्ण स्थिर. कोणतीही तक्रार नाही. रुग्णाने नातेवाइकांकडून मिळवलेली वेदनाशामक गोळी नर्सिंग स्टाफला न सांगता घेतल्याचे नंतर समजले.'

"मूळ पानं कुठं आहेत?" मी विचारलं.

"सापडत नाहीयेत." सरांनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि माझ्यापुढं ठेवला. "हे आजच पक्कं करून टाका."

मी पेनकडं बघत राहिले. किती वर्षं मी पेन्सिलीला टोक काढत होते.

"सर, गोळी तुम्ही सांगितली होती."

"लेखी आहे कुठं?" आवाज शांत होता. रागसुद्धा नव्हता. "बघा सिस्टर. दिली तुम्ही. खोडलं तुम्ही. हस्ताक्षर तुमचं, हात तुमचा. कौन्सिलकडचा नोंदणी नंबर माझा जाईल तसा तुमचाही जाईल. तुमच्यासारख्या मुली किती कष्टानं इथवर येतात. कशाला वाया घालवता?"

तेव्हा मला ती पेन्सिलीची रीत पूर्ण समजली. चार वर्षं मी तिला सरांचा हट्ट समजत होते. फाईल स्वच्छ राहावी म्हणून ती नव्हतीच. बोट कायम माझ्याकडं वळावं म्हणून होती. आणि सर खोटं बोलत नव्हते. गोळी मीच दिली होती. खोडलं मीच होतं.

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले.

त्यांनी पेन आणखी पुढं सरकवला.

"दिली मी. खोडलंही मी. तेच लिहिणार आहे."

"म्हणजे?"

"मंडळाला. गोळी कुणी सांगितली, कुणी दिली. काय लिहिलं होतं, कुणी खोडायला सांगितलं, कुणी खोडलं."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

मानसोपचाराच्या दवाखान्यात, मालकाच्या तोंडून. मी हसले असते, एरवी.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

"लेखी द्या. शाईनं."

चहा तसाच सोडून बाहेर आले. आपा व्हरांडा पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, दार जाड नाही.

"मैं भी थी उस दिन," ती म्हणाली. "पूछे तो बोलूँगी. पूछेंगे क्या मेरे को?"

"नाही विचारणार, आपा."

"मालूम था," म्हणाली आणि पोछा पिळला.

घरी दुपारी मी म्हणणं लिहिलं. दोन पानं. सरांसाठी एकही विशेषण वापरलं नाही. माझ्यासाठीही नाही. चारही ओळी आठवून जशाच्या तशा लिहिल्या. 'त्या वेळी हजर' म्हणून नावं लिहिली : सर, दोन शिकाऊ डॉक्टर, रुग्ण कुसुमबाई, आणि रझिया आपा, आया. पाचवं नाव अशा कागदावर कधी नसतं. मी तिला फोनवर विचारून लिहिलं. ती म्हणाली, "बडे अक्षर में लिख." खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि नोंदणी क्रमांक. तो क्रमांक माझ्याकडं राहील का, माहीत नाही. राहू नये असंही मंडळ ठरवू शकतं. त्यांना तसा अधिकार आहे आणि मी तसं वागलेही आहे.

कुसुमबाईचा तोल परत येणार नाही. सर पुढच्या वर्षीही हक्कांवर बोलतील. चांगलं बोलतील.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी ड्यूटीवर गेले. लेखी काही आलेलं नव्हतं. ट्रॉलीतला रबर उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला. पहिल्या कॉटवरच्या मुलीनं रात्री जेवण टाकलं होतं. तिची नोंद केली, निळ्या पेननं. वेळ घालताना गडबडले, आठऐवजी सात लिहिलं गेलं.

चुकलं तर कसं दुरुस्त करायचं, तेही पहिल्या वर्षाला शिकवतात. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता यायला पाहिजे. बाजूला बरोबर लिहायचं आणि सही करायची.

मी रेघ मारली. सही केली. व्हरांड्यातून राउंडच्या बुटांचा आवाज येत होता. फाईल उघडी ठेवून मी कॉटशी उभी राहिले.