पहिल्या पंगतीचा मान

आमच्या गावाकडं पंगतीचा एक साधा नियम आहे. पाहुणे आधी बसतात, घरचे वाढतात. शाळेत असताना जत्रेच्या जेवणात आम्ही पोरं रश्शाच्या बादलीवरून भांडायचो, कारण ज्याच्या हातात बादली तो घरचा. माझ्या बाकावर बसणारा मित्र अंगानं दांडगा. बादली नेहमी तोच पटकवायचा आणि कडीची एक बाजू मला धरायला द्यायचा. एका बादलीला दोघं लागत नाहीत, पण आम्ही दोघं मिळूनच वाढायचो.

आता मी भूगावात एका मोठ्या सोसायटीत राहतो. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती याच मित्राच्या वडलांची. जिथं पोहण्याचा तलाव आहे तिथं आम्ही हरभऱ्याचे ढाळे उपटून खाल्लेत. माझं गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे म्हटलं तरी चालेल. पण सोसायटीतली माणसं लांबून आलेली, कुणी खानदेशातून, कुणी विदर्भातून. नवीन ओळख झाली की विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? मी म्हणतो, पुण्याचाच. जिल्हा पुणेच आहे, त्यामुळं जीभ अडखळत नाही. कमिटीच्या बैठकीत 'लोकल लोक' हा विषय निघतो, त्यांचे डीजे, त्यांच्या गाड्या, त्यांची दांडगाई. मी सेक्रेटरी. मी मान डोलावतो. लोकल लोकांशी कसं बोलायचं ते मला बरं जमतं, असं सगळे म्हणतात. ते का जमतं, हे कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

आमच्या दहावीच्या बॅचचं दरवर्षी गेट टुगेदर होतं. माझ्या बाकावरच्यानं जमीन विकल्यावर जेसीबी घेतले, त्याची माणसं हिंजवडीकडच्या साइटवर असतात. आमच्या वर्गाची मॉनिटर नेऱ्याला मेस चालवते. आयटीतली पोरं तिच्या डब्यावर जगतात. एक जण एसटीत ड्रायव्हर आहे. एकाचे जमिनीचे पैसे निवडणुकीत गेले, तरी तो दरवर्षी हसत येतो. दरवेळी कुणाच्या तरी मळ्यावर जमायचं ठरलेलं. गेल्या वर्षी मला काय हुक्की आली कोण जाणे, मी ग्रुपवर टाकलं, यंदा माझ्याकडं, आमच्या क्लब हाउसला. लगेच अंगठ्यांचा पाऊस पडला.

क्लब हाउस बाहेरच्यांना देत नाहीत. पण सभासदाचे शाळेतले मित्र म्हटलं असतं तर मिळालं असतं, यात मला आजही शंका नाही. फक्त पुढचा प्रश्न आला असता: शाळा इथली? म्हणजे तुम्ही लोकल? तेवढ्या एका प्रश्नाला मी घाबरलो. सकाळी फिरताना अध्यक्षांना गाठून मी म्हणालो, "आजूबाजूच्या गावातले कष्टकरी लोक आहेत, या ना त्या निमित्तानं आपल्याकडं राबतात. एक दिवस त्यांना जेवू घालावं म्हणतो. माझ्याकडून." अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांचे डोळे पाणावले. मी मात्र मनात हिशेब केला होता की रविवारी ते लेकीकडं जातात.

त्या रविवारी ते गेले नाहीत.

माझी मंडळी वेळेवर आली. कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, काठापदराच्या साड्या, अत्तराचा वास. गळाभेटी चालल्या होत्या, इतक्यात अध्यक्ष खोकं घेऊन आत आले. मागे कमिटीतले दोघं. खोक्यात स्टीलचे डबे होते, झाकणावर सोसायटीचं नाव. मला अडवायची संधीच मिळाली नाही, किंवा मिळाली आणि मी ती घेतली नाही. अध्यक्षांनी माइक हातात घेतला.

"तुमच्या कष्टांवर आमची सोसायटी चालते," ते म्हणाले. "आमचे सेक्रेटरी मूळचे पुणेकर, पण तुमच्यासारख्यांबद्दल त्यांना केवढी आपुलकी आहे बघा. आजचं जेवण त्यांच्याकडून, आणि ही छोटीशी भेट आमच्याकडून."

हसणं थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्च्या सरळ करायला लागलो. त्या सरळच होत्या.

अध्यक्षांची नजर माझ्या बाकावरच्यावर गेली. गळ्यातली सोन्याची साखळी बघून त्यांना वाटलं असावं की हा ठेकेदार. "हे सगळे तुमच्याकडं कामाला आहेत का?"

त्याचं एक वाक्य पुरे होतं. 'न्हाई, आमी एका वर्गातलं' एवढं म्हणाला असता तर माझी शोभा झाली असती, आणि मी त्याच लायकीचा होतो. पण त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडावर काय होतं ते वाचलं, आणि हात जोडले.

"व्हय सायेब," तो म्हणाला. "ही समदी माजीच मानसं हायेत."

अध्यक्षांनी मॉनिटरला डबा दिला आणि प्रेमानं विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या विंगला काम करता?"

"समद्याच विंगला आस्तं माझं," ती म्हणाली. तिचे जेवणाचे डबे खरंच आमच्या सगळ्या विंगांना येतात. तिनं तो रिकामा डबा दोन्ही हातांनी घेतला.

मग अध्यक्ष म्हणाले, पहिला घास आपण वाढू. कॅटररनं आम्हाला प्लॅस्टिकचे हातमोजे दिले. ज्या पोरांबरोबर मी उष्टी कैरी खाल्ली, त्यांच्या ताटात मी हातमोजे घालून पुलाव वाढला. एकेक जण ताट पुढं करत होता आणि खाली बघत होता. ते माझ्यासाठी लाजत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी मी बोललो नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी खुर्च्या रचून ठेवल्या, कुणी सांगितलं नसताना, आणि लवकर निघाले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. डबा हातात घेतलेला माझा मित्र, शेजारी मी. खाली टाळ्यांच्या रांगा. मीही खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. त्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर त्या चित्राची.

मी मित्राला फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं मधेच तोडलं. "सोडा की. तुमची अडचन व्हती, समजलं आमाला." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला झोप लागली असती. अध्यक्षांना मी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. दरवेळी वाटतं, आज सांगू.

यंदा जमायचं एसटीवाल्याच्या मळ्यावर ठरलं. मला ग्रुपवर निरोप आला, म्हणजे काढलं नव्हतं. मी मुद्दाम सगळ्यांच्या आधी गेलो. कांदे चिरले, सतरंज्या अंथरल्या. हळूहळू सगळे आले, गप्पा झाल्या, माझी चौकशीही झाली. मला वाटलं, मिटलं. दगडांच्या चुलीवर मटण शिजत होतं. भाकरी आल्या, पंगत बसायला लागली. माझ्या बाकावरच्यानं पातेल्यातून बादली भरली. मी बाह्या वर सारल्या आणि कडीच्या दुसऱ्या बाजूला हात घातला.

त्यानं माझा हात धरून हळूच बाजूला केला. त्यात राग नव्हता.

"ऱ्हाऊ द्या. तुमी कशाला? बसा तुमी पयल्या पंगतीला."

"अरे, मी काय पाहुणा आहे का?"

"आसं कसं," तो म्हणाला. "तुमी पुन्याचं."

कुणी हसलं नाही. माझ्यासाठी सतरंजीवर मधली जागा केली. मी बसलो. मॉनिटर मीठ वाढत आली, तोच झाकणावर नाव असलेला स्टीलचा डबा हातात घेऊन. तिच्यामागून तो आला, एकटाच, बादली एका हातात. त्यानं माझ्या ताटात आधी वाढलं, चांगल्या फोडी शोधून वाढलं. मी पुरे म्हणालो. पाव्हण्यानं लाजायचं नसतं म्हणत त्यानं आणखी एक पळी ओतली आणि पुढच्या ताटाकडं गेला.